सूचना नसलेला पाठ

एस्तेरबाई,

तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले, आणि परवा मी तुमच्यावर मनापासून रागावलो. कारण यथाक्रम सांगेन. निष्कर्ष आधी आणि आधार मागून, ही रीत तुमची, माझी नव्हे.

मंडळीच्या मासिकासाठी तुमच्याविषयी लिहावे, असे पाळकसाहेबांनी मला सांगितले. मी तुमच्या मंडळीचा नव्हे, ख्रिस्ती नव्हे, केवळ कुंपणापलीकडचा शेजारी; तरी त्यांनी मलाच सांगितले. सोबत एक चिठ्ठी दिली: जन्म, शिक्षण, विवाह, सेवा. ती घडी घालून मी चष्म्याच्या घरात ठेवली आहे. तुमचा जन्म कोठे झाला, हे मला ठाऊक नाही. पंधरा वर्षे आपण वाद घातला. त्यात तो विषय कधी निघाला नाही.

आपली ओळख दुधामुळे झाली. मी नुकताच शाळेतून निवृत्त झालो होतो. आयुष्यभर संस्कृत शिकवले आणि वरच्या वर्गांना तर्कशास्त्र. निवृत्तीनंतर शिकवण्यास कोणी उरले नाही, म्हणून त्या सकाळी मी गवळ्याला धरले. दूध पातळ आहे. पाण्यावाचून दूध पातळ होत नाही. तेव्हा हे पाणी आले कोठून, असे त्याला पायरीपायरीने विचारीत होतो.

"काहून तरास देऊन राहिले गुरुजी?" तो म्हणाला. "म्हैसच पानी लय पेते. त्याले मी काय करू?"

कुंपणापलीकडून कोणी हसले. तुम्ही ओले कपडे हातात घेऊन उभ्या होतात. शेजारी राहावयास येऊन तुम्हाला आठवडा झाला होता.

"सर, ह्याचं बोलनं चूक आहे हे मले समजते," तुम्ही म्हणालात. "पन चूक नेमकी कुठं आहे थे सांगता येत नाही. तुम्ही सांगता काय?"

मी सांगितले. वेळ लागला. गवळी मध्येच निघून गेला. तुम्ही पिळलेले कपडे खांद्यावर टाकून शेवटपर्यंत ऐकलेत आणि म्हणालात, "माह्या लेकरायले असाच मानूस पाहिजे."

ही लेकरे कोणती, हे दुसऱ्या दिवशी कळले. यजमान रेल्वेत गार्ड, म्हणून तुमचा संसार लहान लहान स्टेशनांवर झाला. जवळ शाळा नसे. तुम्ही आपल्या दोन्ही मुलांना घरीच शिकवलेत. वडिलांनी तुम्हाला लॅटिन शिकवले होते. तेही मुलांना दिलेत. नागपुरात घर केल्यावर मात्र स्वस्थ बसला नाहीत. मंडळीतील ज्या घरांना हीच अडचण होती, त्या घरांतील आया तुम्ही शोधून काढल्या. इटारसीच्या मार्गावरील एका स्टेशनमास्तराचे घर. जंगल खात्यातील एका रक्षकाचे. वाडीच्या गोदामावरील चौकीदाराचे, जेथून शाळेला जायचे तर ट्रकांच्या रांगेतून रस्ता ओलांडावा लागे. खाप्याजवळ कन्हानच्या पलीकडच्या दवाखान्यातील नर्सबाईंचे, जेथून पावसाळ्यात शाळा दिसे, पण गाठता येत नसे. अशी अकरा घरे.

महिन्याच्या आरंभी प्रत्येक घरी तुमचे पाकीट जाई. स्तोत्रे, सनावळ्या, गणिते, लॅटिनची रूपे. सारे तुम्ही स्वतः स्टेन्सिलवर कोरून सायक्लोस्टाइल केलेले. काही पाकिटे पोस्टाने जात, काही यजमानांच्या ओळखीच्या गार्डांच्या हाती. आया ती मुलांकडून पाठ करून घेत. महिन्याच्या अखेरच्या शनिवारी सारी घरे नागपुरात येत, आणि चर्चच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत मुले म्हणून दाखवीत. आधी पाठ, मग पारख, मग मांडणी, असे तुमच्या शिक्षणाचे तीन टप्पे होते. पहिला तुम्ही सांभाळत होतात. दुसऱ्यासाठी मी हवा होतो.

मी नकार दिला. आईने शिकवलेले मूल लाडावते, असे कारण सांगितले.

"तुमच्या शाळेत कोन शिकवत होतं सर?" तुम्ही विचारलेत. "कोनाची तरी मायच नं?"

घरात आल्यावर पत्नी म्हणाली, "जाऊन या बरं. दिवसभर घरात तर्क ऐकून आता मीच परीक्षेला बसू शकते." तेव्हा तीन महिन्यांपुरते मान्य केले. तीन महिने, हे शब्द मी दोनदा उच्चारले होते. तुम्ही मान हलवली होती.

त्या तीन महिन्यांत आपले दोन वाद सुरू झाले. दोन्ही अपुरे राहिले.

पहिला लॅटिनचा. जंगलातील रक्षकाच्या मुलाने लॅटिन का घोकावे? संस्कृत हाताशी आहे, त्याच्या बोलीत निम्मे शब्द त्याच घरचे आहेत. मी हे सप्रमाण मांडले. तुम्ही शेंगा सोलीत ऐकलेत आणि म्हणालात, "दोन्ही भाषा मेलेल्या आहेत सर. मेलेल्यायशी भांडन काहून?"

संस्कृत मेलेली नाही, असे मी म्हणालो. अजूनही म्हणतो.

दुसरा वाद पाठांतराचा. समजल्यावाचून पाठ करणे म्हणजे पोपटपंची, हे माझे मत. आधी समज, मग पाठ. तुमचे नेमके उलट. "आधी पाठ," तुम्ही म्हणायचात. "समज मांगून येते, बैलबंडीमांगं कुत्रं येते तशी." तुमच्या आयांना तर एकच नियम माहीत होता: पाकिटात जे आले, ते आधी पाठ. पानाच्या तळाशी छापखान्याचे नाव असते तर त्यांनी तेही पाठ करवून घेतले असते.

आता त्या शनिवारविषयी. मंडळीतील जुन्या माणसांना तो आठवत असेल. त्यातील माझा भाग कोणाला ठाऊक नाही.

तिसऱ्या महिन्याचा तर्काचा पाठ मी लिहून दिला होता. त्यात चार अनुमाने होती. तीन बरोबर. चौथ्यात मी मुद्दाम दोष ठेवला होता, मुलांनी तो शोधावा म्हणून. वर एक ओळ लिहायची होती: 'पुढील अनुमानातील दोष शोधा.' ती ओळ राहिली. त्या दुपारी रेडिओवर क्रिकेटचे समालोचन होते, आणि शेवटचा गडी खेळत होता. हे आज प्रथमच सांगतो. पान तसेच तुमच्याकडे आले, स्टेन्सिल झाली, पाकिटे गेली. अकरा घरांतील आयांनी नियमाप्रमाणे ते मुलांकडून पाठ करून घेतले.

एरवी हे हसण्यावारी गेले असते. परंतु मंडळीच्या काही पंचांना ती पत्र्याची खोली लग्नाची भांडी ठेवण्यास हवी होती. घरी शिकलेली पोरे शाळेतल्यांच्या बरोबरीस येत नाहीत, असेही त्यांचे म्हणणे होते. गुरुवारी तुम्हाला निरोप आला: शनिवारी पंच स्वतः येऊन ऐकतील आणि खोलीचा निर्णय तेथेच करतील. खोली गेली असती तर अकरा घरे पुन्हा अकरा दिशांना गेली असती. शनिवारावाचून पाकीट म्हणजे नुसता कागद, हे तुम्हीच मला सांगितले होते.

पंच खुर्च्यांवर बसले. आया सतरंजीवर, डबे मांडीवर. मी खिडकीजवळच्या बाकावर. मुलांनी स्तोत्र म्हटले. सनावळ्या म्हटल्या. लॅटिनची रूपे म्हटली, तेव्हा पंचांच्या चेहऱ्यावर आदर दिसला. त्यांना त्यातील अक्षर कळत नव्हते. मग तर्क आला. पहिली तीन अनुमाने झाली. आणि मुलांनी एका सुरात चौथे सुरू केले:

"देवभीरू माणूस रविवारी चर्चला येतो. हा माणूस रविवारी चर्चला येतो. म्हणून हा माणूस देवभीरू आहे."

मुख्य पंच लाकडाचे व्यापारी होते, वजनदार गृहस्थ. एकही रविवार न चुकवणारे. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि उपरणे सारखे केले. इतर पंचांनीही माना हलवल्या. देवभीरू माणूस येतो हे खरे धरले, तरी येणारा प्रत्येक जण देवभीरू असतो, असे त्यावरून ठरत नाही. ज्या मुलांना मी ही गोष्ट शिकवावयाची, तीच मुले उलटे घोकून आली होती, आणि पंच खूश होते.

एक मुलगी गप्प होती. खाप्याकडच्या नर्सबाईंची सुवार्ता. अकरा वर्षांची, दोन वेण्या. आईने मागून चिमटा काढला.

"म्हन नं वं! पाठ तं आहे तुले."

"पाठ आहे," सुवार्ता म्हणाली. "पन थे चूक आहे. मी नाही म्हनत."

मुले थांबली. मुख्य पंच पुढे वाकले. "काय चूक आहे वं पोरी? चर्चले येनं चूक आहे?"

"येनं चूक नाही. पन चोर बी येते."

"कोनता चोर?"

"मागल्या महिन्यात माह्या बाबाची चप्पल इथूनच गेली. रविवारीच गेली. म्हंजे नेनारा रविवारी चर्चले आलाच होता नं? मंग थो बी देवभीरू काय?"

पंचांशेजारी बसलेले तेव्हाचे वृद्ध पाळकसाहेब तोंडावर रुमाल धरून खोकू लागले. तो खोकला नव्हता.

"मंग देवभीरू मानूस ओळखाचा कसा?" मुख्य पंचांनी विचारले. आवाज चढला होता.

"थे ह्या पाकिटात नाही," ती म्हणाली. "पुढच्या पाकिटात येईन."

आता पाळकसाहेबांना रुमालही पुरेना. मुख्य पंच मात्र तुमच्याकडे वळले. "बाई, हे असं चुकीचं लेकरायले कोनं पाठ कराले लावलं?"

तुम्ही उठलात. पदर सारखा केलात. "चूक माही आहे," म्हणालात. एवढेच.

मी उठलो नाही. गुडघे तेव्हा चांगले होते.

निर्णय पाळकसाहेबांनी दिला. ज्या खोलीत अकरा वर्षांची पोर पंचांना थांबवते, ती खोली भांड्यांना देणे शोभणार नाही, असे ते म्हणाले. पुढील ठराव होईपर्यंत खोली तुमच्याकडे राहावी. पुढील ठराव आजतागायत झालेला नाही. मुख्य पंचांविषयीही न्यायाने लिहिले पाहिजे. पुढच्या रविवारी चर्चच्या दाराशी चपलांसाठी लाकडी घोडा आला. तो त्यांनी स्वतःच्या वखारीतून करवून आणला होता, आणि पहिली चप्पल त्यावर सुवार्ताच्या वडिलांकडून ठेवून घेतली.

त्या शनिवारी तुम्ही सतरंज्या झटकीत होतात, तेव्हा मी जवळ आलो. "एस्तेरबाई, त्या पानासंबंधी..." एवढे म्हणालो.

"राहू द्या नं सर," तुम्ही म्हणालात. "पुढच्या महिन्याचा पाठ आनला काय?"

आणला नव्हता. दुसऱ्या दिवशी आणून दिला. माझे तीन महिने त्या शनिवारी पुरे झाले होते. ते मी बोललो नाही. माझ्यासाठी ज्या बाईने सर्वांदेखत चूक पत्करली, तिला कोणत्या तोंडाने सांगावे की मुदत संपली? अशी पंधरा वर्षे झाली.

त्या प्रसंगाने आपला दुसरा वाद मिटावयास हवा होता. मिटला नाही, वाढला. मी म्हणालो, पाहा, समजल्यावाचून पाठ केले की बाकीची सारी मुले खोटे घोकून येतात. तुम्ही म्हणालात, "अन् एकीले खडा लागला, थो कसा? पाठ होतं म्हनून तिनं महिनाभर तोंडात घोळवलं. घास चावल्याबिगर खडा लागत नाही सर." मी म्हणालो, एकीला लागला, बाकीच्यांनी गिळला. तुम्ही म्हणालात, "बाकीच्यायले आता जन्मभर लागन." दोन्ही विधाने खरी होती. त्यामुळे वाद चालू राहिला, आणि त्यासोबत तुमच्याकडील चहाही.

त्या पंधरा वर्षांत काय झाले, याची यादी देत नाही. मुले बाहेरून परीक्षांना बसली. बहुतेक उत्तीर्ण झाली. जी झाली नाहीत, त्यांच्या घरी तुम्ही स्वतः गेलात. वाडीच्या चौकीदाराच्या मुलाने एकदा माझ्याच पाठातील चूक दाखवली. तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत आणि मला दोन दिलेत. मला तो प्रकार आवडला नव्हता. पेढे बरे होते.

धंतोलीच्या दवाखान्यात मी तुम्हाला दोनदा भेटलो. पहिल्या वेळी शेजारच्या खाटेवरील उमरेडच्या बाईंकडून तुम्ही लॅटिनची सहा रूपे पाठ करविली होती. त्यांचे घर विणकरांचे. त्या मला म्हणाल्या, "आइका गुरुजी, कांडी भरल्यासारखं सोपं आहे," आणि त्यांनी ती म्हणून दाखविली. बरोबर होती. अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. तुम्ही उशीवरून माझ्याकडे विजयाने पाहिलेत.

दुसऱ्या वेळी मी त्या चौथ्या अनुमानाची कबुली देण्याचे ठरवून आलो होतो. तीन वाक्ये तयार केली होती. मी घसा साफ केला, तोच तुम्ही म्हणालात, "सर, एक सांगाचं राहून गेलं."

तुम्हाला धाप लागत होती. "आधी बऱ्या व्हा," मी म्हणालो. "मग सांगा." माझी तीन वाक्येही मी परत आणली.

दफनाच्या दिवशी अकरा घरे आली होती. त्यानंतर जोडलेली घरेही. काही मुले आता स्वतः आईबाप झालेली. कबरीपाशी त्यांनी स्तोत्र म्हटले. ते संपले तेव्हा कोणा लहानग्याने सवयीने सनावळी सुरू केली, आणि सगळ्यांनी ती उचलली. मग लॅटिन. शनिवारचा क्रम कोणी मोडला नाही. पाळकसाहेबांनी थांबवले नाही. लॅटिन संपले, तर्काची पाळी आली, आणि सगळी मुले माझ्याकडे वळून उभी राहिली. "आज नाही," मी म्हणालो.

आता परवाविषयी. सुवार्ता पोस्टात नोकरीला आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पत्ता अपुरा असेल तर ती खिडकीवर माणसाशी वाद घालते, अशी तक्रार माझ्यापर्यंतही आली आहे. तुमची पाकिटे गेले वर्षभर तीच काढते. तुमचे कपाट आवरताना तिला बिस्किटांचा एक डबा सापडला. तो तिने माझ्यापुढे आणून ठेवला. त्यात माझ्या हातची सारी पाने होती. पंधरा वर्षांतील एकही पान तुम्ही टाकले नव्हते. सर्वांत वर तिसऱ्या महिन्याचे पान होते. समासात तांबड्या पेन्सिलीने तुमचे अक्षर होते.

'सरांनी चौथ्यावर सूचना लिहिली नाही. रेडिओ मोठा लागला आहे, क्रिकेट असेल. विचारू नये. पान तसेच जाऊ द्यावे. पाहू, कोण ओळखते.'

त्याखाली, दुसऱ्या वेळी, शाईने:

'पंच त्याच शनिवारी येतील असे वाटले नव्हते. चूक माझीच झाली. सरांना सांगायचे आहे. पण त्यांचे तीन महिने संपले. सांगितले तर यायचे थांबतील.'

मी ते दोनदा वाचले. मग रागावलो. तुम्ही माझ्यासाठी चूक पत्करली नव्हती; आपली पत्करली होती. ज्या ओझ्याखाली मी पंधरा वर्षे न चुकता दर महिन्याला पाठ आणून दिला, ते ओझे निम्मे तुमचे होते, आणि तुम्हाला ते माहीत होते. लॅटिन आणि स्तोत्रे शिकवणाऱ्या बाईने तर्काच्या शिक्षकाला असे धरून ठेवावे!

सुवार्ता समोर बसली होती. "काहून हसून राहिले सर?" तिने विचारले. मी हसत होतो, हे मला तिच्याकडून कळले.

तेव्हा, एस्तेरबाई, हिशेब असा. ओळ लिहावयाची मी विसरलो. विसरलेली ओळ तुम्ही ओळखली आणि तशीच जाऊ दिलीत. तुम्ही उभ्या राहिलात. मी बसून राहिलो. हे शेवटचे वाक्य तुमच्या समासात नाही. ते माझे आहे, आणि ते मी येथे सर्वांदेखत लिहितो. उभे राहण्यास पंधरा वर्षे उशीर झाला. क्षमा असावी. तुम्ही धरून ठेवलेत, हे बरे केलेत. तीन महिन्यांनी घरी परतलो असतो, तर गवळ्याशी बोलत बसलो असतो.

मेलेल्यांशी भांडण कशाला, असे तुम्ही म्हणत होतात. ते मला मान्य नाही. संस्कृतचा मुद्दा उभा आहे. पाठांतराचाही.

पुढील महिन्याचा तर्काचा पाठ मी काल लिहून दिला. चार अनुमाने आहेत. चौथ्यात दोष आहे. त्यावर कोणतीही सूचना लिहिलेली नाही. रेडिओ बंद होता. सुवार्ताने पान हातात घेतले, वरपासून खालपर्यंत वाचले, माझ्याकडे एकदा पाहिले, आणि काही न विचारता स्टेन्सिल कोरायला बसली.

तिने ओळखले की नाही, हे आता शनिवारीच कळेल.